काडतुसातल्या मधमाश्या

मधमाश्यांच्या प्रयोगशाळेत दिवस काढलेला माणूस भेटला, तर तो आधी दारांच्या मुठींविषयी बोलेल. आमच्याकडे प्रत्येक मूठ चिकट असे. टेलिफोन चिकट, खुर्चीचे हात चिकट, संगणकाच्या कळा चिकट. साखरेचे पाणी कुणी मुद्दाम सांडत नसे. ते आपसूक साचत जाई. किस्सेही असेच साचतात. जमवायला कुणी बसत नाही, आणि एके दिवशी जिथे हात टेकावा तिथे एखादा बोटाला लागून येतो!

हे परदेशातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातले, २००६ सालच्या शरदातले. माणसे मोजकीच. रूथ या आमच्या प्राध्यापक. तिथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना नावाने हाक मारीत असू, मनात मात्र 'बाई'च म्हणत असू. अनघा नागपूरची, प्रबंध तिचा आणि प्रयोगही तिचा. मी रसायनशास्त्राचा, मात्रा तयार करून देण्यापुरता. आणि नितीन साताऱ्याचा, विद्युत अभियांत्रिकीचा. त्याचा मधमाश्यांशी काडीचाही संबंध नव्हता. पण आम्हा तिघांत गाडी त्याच्याकडेच होती, आणि माश्या गावाबाहेरून आणाव्या लागत!

\*

मधमाशी शिकते का, हे पाहायचे तर तिला आधी एका जागी बसवावे लागते. तशी ती कुणाचे ऐकून बसत नाही. म्हणून तिला बर्फावर ठेवून घटकाभर गारठवायचे, आणि त्या गुंगीत एका अरुंद नळीत अलगद उभी करायची. डोके तेवढे बाहेर. जागी झाली की ती न्हाव्याच्या खुर्चीत मानेपर्यंत कापड गुंडाळून बसलेल्या गिऱ्हाइकासारखी दिसे. तशीच गंभीर, तशीच किंचित नाराज.

या नळ्या म्हणजे पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. बंदुकीच्या! गावाबाहेरचा मधुपाल अर्ल नेमबाजी करी, आणि वापरलेली काडतुसे कॉफीच्या डब्यात भरून आम्हाला देई. पितळ स्वच्छ होते, माप नेमके बसे.

अनघाने उत्साहाने त्या रांगेचे छायाचित्र नागपूरला धाडले. रविवारी आईचा फोन आला.

"अनू, काय करून राहिलीस तू तिकडे? त्या बंदुकीच्या गोळ्या आहेत न?"

"रिकाम्या आहेत गं आई. त्यात मधमाश्या बसवतो आम्ही. शिकवायला."

आईने ते पलीकडे घरातल्यांना मोठ्याने सांगितले.

"शिकवायचं तर मायेनं शिकवा न, बाप्पा! पहिल्याच दिवशी गोळ्या कशाला दाखवता?"

\*

अर्ल सत्तरीचा, एकटा. सफरचंदाच्या बागांच्या कडेला त्याच्या मधपेट्या मांडलेल्या. अनघाने पहिल्याच भेटीत त्याला 'काका' म्हटले.

"काका म्हणजे काय?" त्याने विचारले.

"वडिलांचा भाऊ."

"वडिलांना विचारलंस का? त्यांना चालेल?"

"ते हो म्हणतील."

"मग ठीक आहे. मलाही चालेल."

त्याच्या घराण्यात एक जुनी चाल होती. घरात काही घडले, जन्म, मरण, लग्न, अगदी नवे कुत्रे आले तरी, ते पेट्यांना जाऊन सांगायचे. बोटांच्या पेरांनी झाकणावर टकटक करायची, आणि स्पष्ट शब्दांत सांगायचे. न सांगितल्यास माश्या रुसतात आणि घर सोडून जातात, असे त्याची आजी म्हणे.

त्या दिवशी त्याने अनघाला पेटीपाशी नेले, टोपी काढली, टकटक केली आणि म्हणाला, "ऐका. ही अनघा. फार लांबून आली आहे. मुलगी चांगली आहे. तुमच्यातल्या काहींना थोडंसं विष देणार आहे!"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

मागचे दोन हिवाळे त्याच्या पेट्या रिकाम्या होत आल्या होत्या. मेलेल्या माश्यांचा ढीग नाही, रोगाची खूण नाही, आत मध तसाच भरलेला. माश्या सकाळी जात आणि परत येत नसत. "मरत असत्या तर मला कळलं असतं," तो म्हणाला. "त्या येतच नाहीत." मग पेटीकडे पाहत, आमच्याशी नव्हे तर स्वतःशीच बोलावे तसे, "माझी बायको गेली, ते मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. सगळं सांगत आलो. काहीतरी सांगायचं राहून गेलं असणार."

वसंतात पेट्या विकून टाकायच्या, असे त्याने जवळजवळ ठरवलेच होते. घेणारा माणूसही पाहून ठेवला होता. फक्त ती बातमी त्याने पेट्यांना सांगितली नव्हती. परतीच्या वाटेवर अनघा गाडीत एवढेच म्हणाली, "हिवाळ्याच्या आत काकांना उत्तर द्यायला पाहिजे यार. माश्या का येत नाहीत त्याचं."

\*

मधमाशीला शिकताना मी प्रथम पाहिले, तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो.

रीत सोपी होती. पिचकारीतून लवंगेचा वास तिच्या तोंडावर सोडायचा, आणि लगेच साखरपाण्यात बुडवलेली दातकोरणी तिच्या मिशांना लावायची. गोड लागले की तिची जीभ आपोआप बाहेर येते. (शास्त्रात तिला सोंड म्हणतात. मीही प्रथम सोंडच म्हणत असे. पण ती बाहेर येताना पाहिली की दुसरा शब्द ओठांवर येतच नाही.) वास, साखर. वास, साखर. दोनदा झाले. तिसऱ्या वेळी अनघाने नुसता वास सोडला. दातकोरणी अजून बशीतच होती.

आणि जीभ बाहेर आली!

ती अजून न मिळालेल्या साखरेची वाट पाहत होती. तिच्या डोक्यात तिळाएवढा मेंदू. त्या तिळात आत्ता, माझ्यादेखत, 'हा वास आला की गोड येते' हे वाक्य लिहिले गेले होते. मी लहानपणी ज्या शाळेत शिकलो, तिथे एक वाक्य पाठ व्हायला मला आठवडा लागे, आणि छडीही लागे.

"शिकली!" मी ओरडलोच.

रूथबाई मागे उभ्या होत्या. "आज शिकली," त्या म्हणाल्या. "तिच्यापाशी उरलं का, ते उद्या विचार."

शिकणे आणि आठवणे हे शब्द आपण किती सैल हाताने वापरतो! त्या दिवसापासून मी ते एकमेकांच्या जागी ठेवलेले नाहीत.

\*

मात्रा बनवणे माझे काम, बागांवर फवारतात त्या कीटकनाशकाची. आपल्याकडे पिकावर जे फवारतात त्याला शेतकरी 'औषध' म्हणतो. त्याला विषच म्हणावे, असा माझा पूर्वी आग्रह असे. पण अनघाला हवी होती ती मात्रा मारणारी नव्हती. फुलावरच्या मधात, परागात उरत असेल तेवढीच. मी थेंबातून थेंब काढी, तो पाण्यात विरवी, त्यातून पुन्हा थेंब, पुन्हा पाणी. नितीन टेबलावर बसून पाहत होता.

"अबे, यात आता उरलंय काय? यात विष नाही, बाटलीला विषाची नुसती आठवण आहे!"

ते आधी नुसते पाहण्यासाठी साखरपाण्यातून चार माश्यांना पाजले. आम्ही तिघे वाकून पाहत राहिलो. काहीही झाले नाही. त्या चालल्या, मिशा पुसल्या, पंख फडफडवले, साखर मागितली. इतरांहून तसूभरही वेगळ्या दिसेनात.

"बघ," नितीन म्हणाला, "ठणठणीत आहेत."

"हेच तर वाईट आहे," अनघा म्हणाली.

त्या मात्रेला विष म्हणावे की औषध, मला ठरवता येईना. दोन्ही शब्द तिच्या मानाने फार मोठे होते.

\*

आता नितीनच्या तेलाचा किस्सा.

कोणत्या माशीला काय पाजले, हे शिकवणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर मन आपोआप झुकते. म्हणून माश्या पाजण्याचे काम रूथबाई एकट्याच करीत, आणि प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देत. काहींना पांढरा, काहींना हिरवा. कोणता रंग कशाचा, ते ऋतू संपेपर्यंत त्यांच्यापाशीच राहणार होते.

एका तुकडीच्या वेळी मी तापाने पडलो होतो. अनघाने नितीनला पकडले. "तुला काही येत नसलं तरी चालेल. मी वास सोडते, तू साखर लाव." त्याने दिवसभर मान खाली घालून, एकेका पुंगळीवर ओणवे होऊन, मोठ्या निष्ठेने साखर लावली. संध्याकाळपर्यंत बहुतेक साऱ्या माश्या शिकल्या. वास आला की जीभ बाहेर! अनघा हवेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघा आठवण तपासायला बसली. नितीन अजून आला नव्हता. मी उठून आलो होतो, रूथबाईही होत्या. पिचकारी, लवंग. काही नाही. पुढची. काही नाही. संपूर्ण रांग लवंगेकडे दगडासारखी पाहत राहिली. पांढऱ्या आणि हिरव्या, दोन्ही.

अनघाने पिचकारी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी उभे होते. "सगळ्याच विसरल्या," ती म्हणाली. "मग मी अर्लकाकांना सांगू काय?"

तेवढ्यात नितीन चहा घेऊन आला. "काय म्हणतायत आपल्या पोरी?" असे म्हणत तो रांगेवर वाकला.

आणि पुंगळ्यांतून जिभा बाहेर आल्या! एक, दोन, पाच... भराभर. साऱ्यांच्या नव्हे, मधूनमधून काही तशाच बसून राहिल्या. पण ज्यांच्या आल्या, त्या नितीनच्या तोंडासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"ए, या मला वेडावून दाखवतायत का?" नितीन मागे सरला. जिभा आत गेल्या. तो पुन्हा वाकला. जिभा पुन्हा बाहेर!

रूथबाई उठल्या. त्याच्यापाशी आल्या आणि त्याच्या डोक्याचा वास घेतला.

"हे काय लावलं आहेस?"

"तेल. माझ्या आईनं घरी केलेलं. ब्राह्मी, माका, खोबरेल." खोबरेल तिकडच्या थंडीत दगडासारखे गोठे, म्हणून तो रोज सकाळी बरणी हीटरवर ठेवून पातळ करी आणि मग डोक्यावर थापी. आमच्या नाकांना त्याची इतकी सवय झाली होती की आम्हाला तो वास येतच नसे.

"आणि ते लावतात कशासाठी?"

नितीनने रांगेकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"स्मरणशक्तीसाठी," तो म्हणाला.

\*

लवंग त्यांच्या लेखी कुठेच नव्हती. तिच्याहून दांडगा वास समोर असताना माश्यांनी धडा घेतला तो नितीनचा! तुकडी रद्द झाली. रद्द माश्या एरवी शीतपेटीत जात आणि तिथेच संपत. अनघा आडवी आली.

"यांचं काय चुकलं? यांनी तर बरोब्बर शिकून दाखवलं. चूक आपली."

रूथबाई तिच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. "ज्या पेटीतून आणल्या तिथेच सोड," त्या म्हणाल्या. "शरदात जन्मलेल्या आहेत. अशा माश्या हिवाळा काढतात. नशीब असेल तर." त्या ऋतूत परत घरी गेलेली ती एकच तुकडी.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारावर रूथबाईंच्या हस्ताक्षरात पाटी लागली: 'खाद्यपदार्थ नकोत. अत्तर नको. नितीन नको.'

बाकी आम्हा सर्वांना बिनवासाचा साबण सक्तीचा झाला. मी एके दिवशी फोडणीच्या वासाचा सदरा घालून आलो, तर अनघाने मला दारातूनच परत पाठवले. "आंघोळ करून ये. आणि हो, हिंगाचा डबा बंद ठेवत जा. नाहीतर यांच्यातली एखादी तुझ्या आमटीत डॉक्टरेट करेल!"

\*

थंडी कडक व्हायच्या आत नव्या तुकड्या पुऱ्या झाल्या. आम्ही सारे टेबलाभोवती बसलो. नितीनलाही आत घेतले होते, केस धुऊन. अनघाने आपले निकाल मांडले. शिकण्याच्या दिवशी पांढऱ्या आणि हिरव्या सारख्याच हुशार. दुसऱ्या दिवशी पांढऱ्यांपैकी बहुतेकींच्या जिभा लवंगेवर बाहेर आल्या होत्या. हिरव्यांपैकी बहुतेक लवंगेला जणू जन्मात कधी भेटल्याच नव्हत्या.

"आता सांगा," अनघा म्हणाली. तिचे हात मांडीखाली दाबलेले होते.

"पांढऱ्या साध्या साखरेच्या," रूथबाई म्हणाल्या. "हिरव्या औषधाच्या."

कुणी टाळी वाजवली नाही. जे आम्हाला खरे ठरायला हवे होते, ते खरे ठरले होते. आणि ते खरे नसते तर किती बरे झाले असते, असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होते. न मारता, न दुखावता, अंगावर एक ओरखडा न उठवता, आदल्या दिवसाचे शिकलेले तेवढे काढून घेतले होते. मी बनवलेल्या त्या थेंबाने.

शेवटी नितीन हळूच म्हणाला, "मग ती घरून निघते तेव्हा तिला रस्ता माहीत असतो... आणि नंतर नसतो?"

"आपण रस्ता तपासला नाही," रूथबाई म्हणाल्या. "लवंग तपासली." त्या तशाच होत्या, हातात असेल त्याहून इंचभर अधिक बोलत नसत. पण त्यांनीही खिडकीबाहेर पाहिले.

\*

अर्लला सांगायला अनघा स्वतः गेली. तो स्वयंपाकघरात कॉफी ओतत होता. तिने सारे सांगितले. रस्ता नव्हे, लवंगच तपासली आहे, हा रूथबाईंचा इशाराही प्रामाणिकपणे सांगितला.

त्याने विचारले, "म्हणजे रुसून गेल्या नाहीत?"

"नाही काका. तुमचं काही सांगायचं राहिलं नव्हतं. त्यांचंच आठवायचं राहिलं असावं."

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हे ऐकून बरं वाटलं. पण फवारणी माझी नाही, बागा माझ्या नाहीत. विसरणाऱ्या माश्या घेऊन मी काय करू?" वसंतातला बेत कायम होता.

निघताना त्याने दारात तिला थांबवले. "ज्यांना ते औषध दिलं नाहीत, त्यांच्या किती दिवस लक्षात राहतं?"

"माहीत नाही. दुसऱ्या दिवसापुढे आम्ही विचारलंच नाही."

"विचारायला हवं होतं," अर्ल म्हणाला.

\*

सर्वांत शेवटचा हा.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक दिवस अवचित ऊन पडले. जमिनीवर बर्फ होते, पण वाऱ्यातली धार गेली होती. अशा दिवशी माश्या चार महिन्यांत प्रथमच घडीभर बाहेर पडतात. अर्लने आम्हाला बोलावले होते. पेट्या नेणारा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता, आणि अर्लला आज पेट्यांना ते सांगायचे होते. "एकट्यानं सांगवणार नाही," असे तो फोनवर म्हणाला होता.

गाडी अर्थातच नितीनची. दारावरच्या पाटीचा अंमल संपला होता, आईची नवी बरणी येऊन पोचली होती, आणि स्वारी कित्येक महिन्यांनंतर चप्प तेल लावून आली होती. गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागल्या!

किती पेट्या जिवंत आहेत, कुणालाच माहीत नव्हते. पहिलीतून आवाज आला नाही. दुसरीतूनही नाही. तिसरीला अर्लने कान लावला, आणि बोट वर केले. आत गुणगुण होती. दारातून एक माशी बाहेर आली, मग दोन, मग दहा-पंधरा. बर्फावर त्यांच्या छोट्या सावल्या हलू लागल्या.

नितीन आमच्याही मागे, हात खिशात घालून उभा होता. पेट्यांच्या जवळ यायचे त्याने केव्हाच सोडले होते.

एक माशी घोळक्यातून सुटली. आम्हा तिघांना वळसा घालून सरळ त्याच्याकडे गेली, आणि भांगाशेजारी, कपाळावर आलेल्या तेलकट बटेवर उतरली.

"अनघा," नितीन ओठ न हलवता म्हणाला, "काय करतीये ही?"

अनघा जवळ गेली. माशीने मिशा पुसल्या. मग जीभ बाहेर काढली. तशीच धरून ठेवली.

"यार, सांग ना. हिच्या पाठीवर काही आहे का?"

"आहे," अनघा म्हणाली. "ठिपका आहे."

"रंग?"

"पांढरा."

अर्ल पुढे आला. चष्मा वर करून त्याने तो ठिपका पाहिला, ती जीभ पाहिली, नितीनकडे पाहिले. "हलू नकोस," तो त्याला म्हणाला.

मग तो वळला, पेटीपाशी गेला, टोपी काढली आणि बोटांच्या पेरांनी झाकणावर टकटक केली.

"ऐका," तो म्हणाला. "हा नितीन. पण याला तुम्ही ओळखता म्हणे."

जे सांगायला आला होता, ते त्याने सांगितले नाही. टोपी डोक्यावर घातली, आणि आम्हाला म्हणाला, "चला, कॉफी घेऊ."